डिस्चार्जनंतरचे नऊ फोन

मी बरीच वर्षं स्टाफ नर्स आहे, त्यातली निम्मी कॅज्युअल्टीत गेली, आणि एक गोष्ट मला इतके दिवस खुपतेय ती आज लिहूनच टाकते. आत्महत्येचा प्रयत्न केलेलं माणूस आणतात तेव्हा सगळं हॉस्पिटल धावतं, सलाईन, मॉनिटर, एमएलसी म्हणजे पोलीस केसची नोंद, पोलीस जबाब घ्यायला येतात, नातेवाईक बाहेर बाकड्यावर रात्र काढतात. चार-पाच दिवसांनी रिपोर्ट नॉर्मल आले की फाईल हातात देतात, कार्डावर खाली एक ओळ, "मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा", आणि माणूस रिक्षात बसून घरी. त्याच घरी, जिथून तो आला होता. आणि पुढचे काही आठवडेच सगळ्यात धोक्याचे असतात हे आम्हाला शिकवलेलं असतं, तरी कोण विचारतं?

आम्ही सांगतो, काही वाटलं तर फोन करा. पण ज्याच्या मनात बसलंय की आपण सगळ्यांना जड झालोय, तो कशाला करेल हो फोन? तो आपणच करायचा असतो.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पाच ठिकाणी एक अभ्यास केला होता, त्यात आपलं चेन्नई होतं, शिवाय कोलंबो, ब्राझीलमधलं कंपिनास, इराणमधलं कराज आणि चीनमधलं युनचेंग. प्रयत्नातून वाचून इमर्जन्सीत आलेले 1867 लोक. निम्म्यांना नेहमीचे उपचार, आणि बाकीच्यांना त्याच्या जोडीला डिस्चार्जच्या सुमारास तासभर शांत बसून बोलणं आणि मग ठरलेल्या तारखांना फोन नाहीतर भेट. पहिला, दुसरा, चौथा, सातवा, अकरावा आठवडा, मग चौथा, सहावा, बारावा, अठरावा महिना. एकूण नऊ वेळा, बस. 2008 मध्ये निकाल छापून आला, दीड वर्षात आत्महत्येने गेलेल्यांचं प्रमाण नेहमीच्या उपचारांत 2.2 टक्के आणि फोनवाल्यांत 0.2 टक्के. हे वाचलं तेव्हा मी नाइट ड्यूटीला होते आणि खरं सांगते, आधी रडू आलं, कारण मला आमच्याकडचे चेहरे आठवले ज्यांना आम्ही एकदाही फोन केला नव्हता.

एक गोष्ट मात्र लपवणार नाही. त्याच अभ्यासात पुन्हा प्रयत्न करणाऱ्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच निघालं, साडेसात टक्क्यांच्या आसपास. म्हणजे फोन केला की मनातलं सगळं दुखणं गेलं असं होत नाही, औषधं, डॉक्टर हवेतच. पण मृत्यू कमी झाले, आणि माझ्यासाठी तेवढं पुरेसं आहे.

मग मी आमच्या मानसोपचारच्या डॉक्टरांची परवानगी घेतली आणि एक डायरी केली. पेशंटला विचारते, मी फोन केला तर चालेल का. हो म्हणाला तर दोन नंबर घेते आणि तिथेच समोर मिस्ड कॉल देऊन बघते, कारण घाबरून लोक चुकीचे नंबर देतात, पोलीस केस होईल म्हणून. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं कलम 309 नव्या भारतीय न्याय संहितेत, म्हणजे 1 जुलै 2024 पासून, राहिलेलं नाही आणि अशा माणसाला शिक्षा नको म्हणणारा मानसिक आरोग्य कायदा तर 2017 चाच आहे, हे मी प्रत्येक घरच्यांना खाली बसून समजावते.

एका ताईबद्दल लिहिते, तिला विचारून आणि तपशील बदलून. दुसऱ्या आठवड्याला फोन केला तर सासूबाईंनी उचलला. मी एवढंच म्हटलं, "हॉस्पिटलमधून सिस्टर बोलतेय, तपासणीची तारीख सांगायचीये." असल्या वेळी कोणाला काय माहितीये आपल्याला कळत नाही, म्हणून जपून. मग ताई फोन घेऊन गोठ्यात गेली असावी, मागे बादली आपटल्याचा आवाज येत होता. जेवलीस का, झोप लागते का, पुन्हा तसे विचार आले का? हा तिसरा प्रश्न मी सरळ विचारते, विचारल्याने कुणाच्या डोक्यात काही नवीन शिरत नाही. ती नुसती "हं, हं" करत राहिली. चार मिनिटं झाली असतील, मला वाटलं काहीच झालं नाही यातून.

चौथ्या आठवड्याला पहिल्याच रिंगला तिने उचलला. म्हणाली, "सिस्टर, आज तुमचा फोन यायचा होता म्हणून सकाळीच चार्जिंगला लावून ठेवलावता."

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जेरोम मोट्टो नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने तर फक्त पत्रं पाठवली होती, पुढचे उपचार नको म्हणणाऱ्यांना, पाच वर्षं, दोन-चार ओळींची, मागणं काही नाही. पहिली दोन वर्षं तर त्या लोकांत आत्महत्या स्पष्ट कमी दिसल्या. तारीख लक्षात ठेवून कुणीतरी आठवण काढतंय, एवढंच त्या पत्रात होतं आणि एवढंच त्या चार मिनिटांत असतं.

तुमच्या घरात, वाडीत, बिल्डिंगमध्ये असं कुणी परत आलं असेल तर "विषय काढू नका" म्हणून गप्प बसू नका, कॅलेंडरवर तारखा लिहा आणि फोन करा. उपदेश नको, "असं का केलंस" नको. स्वतःलाच तसं वाटत असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, रात्री-बेरात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं.

त्या ताईचा सातव्या आठवड्याचा फोन गुरुवारी आहे. मागच्या वेळी ती औषधाची गोळी अर्धी करून घेते म्हणाली होती, ते डॉक्टरांना विचारून ठेवलंय, तिला सांगायचंय.