पऱ्हाटीतली भेग

कोळशाच्या भूमिगत खाणीत सर्व्हेअर म्हणून इतकी वर्षं काढली, पण एप्रिलमधला तो एक दिवस डोक्यातून जात नाही.

विदर्भातली खाण. खाली एका पॅनेलमध्ये, म्हणजे खाणीच्या एका ठरावीक भागात, डिपिलरिंग चाललेलं. म्हणजे छताला आधार म्हणून ठेवलेले कोळशाचे पिलर काढत मागे यायचं आणि मागचं छत पडू द्यायचं. छत पडलं की वरची जमीनही बसते. ती कुठवर बसेल याची रेषा आम्ही आधीच जमिनीवर आखतो. कोळसा ९० मीटर खोल, पॅनेलच्या कडेपासून वर येताना बसणं बाहेर पसरतं, त्याचा उभ्या रेषेशी कोन १५ अंश धरलेला. म्हणजे पॅनेलच्या कडेपासून २४ मीटर बाहेर. त्या रेषेवर लाल-पांढरे पट्टे मारलेले दगड मीच उभं राहून रोवून घेतले होते.

कुंपणाच्या कामासाठी गेलो, तर शेताचे मालक काका धुऱ्यावर वाट बघत होते.

"साहेब, तुमच्या गोट्याच्या बाहेर भेग पडली."

"काका, काळी जमीन आहे. उन्हाळ्यात भेगाळणारच," माझा चेनमन, म्हणजे मोजणीतला मदतनीस, म्हणाला.

"उनाची भेग अशी नाकासमोर जात नाही जी."

मी खाली बसून पाहिलं. उन्हाच्या भेगा जाळीसारख्या असतात, चार पावलांत तीनदा वळतात. ही पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, ओळी तिरक्या कापत सरळ गेली होती, पॅनेलच्या कडेला समांतर. एक काठ दुसऱ्यापेक्षा दोन बोटं खाली. भेगेवर आलेल्या एका पऱ्हाटीची मुळं दोन्हीकडून ताणलेली, काही तुटलेली, आणि तुटलेली टोकं अजून पांढरी होती. म्हणजे भेग ताजी.

धुऱ्यावरच्या देवापाशी अगरबत्तीचा पुडा होता. काकांना विचारून एक पेटवली आणि भेगेच्या तोंडाशी धरली. धूर वर जायचा तो वाकला आणि सरळ भेगेत शिरला.

तेव्हा अंगावर काटा आला. खाणीचा मोठा पंखा आतली हवा बाहेर खेचतो, त्यामुळे जिथे वाट मिळेल तिथून वरची हवा आत ओढली जाते. इथे ती गोफमध्ये, म्हणजे कोळसा काढून छत पडलेल्या पोकळीत, जात होती. गोफमध्ये राहिलेल्या कोळशाला अशी हवा मिळत राहिली तर तो आपोआप तापतो, पेटतोही. आणि खाली आमची माणसं. तिथूनच मॅनेजरसाहेबांना फोन केला. तासाभरात मातीचा ट्रॅक्टर आला. भेग उकरून, माती ठोकून बुजवायला सुरुवात झाली.

पण ती रेषेच्या बाहेर कशी? अशी भेग साधारण पॅनेलच्या कडेच्या आसपास उठते, रेषेच्या चांगलीच आत. ही रेषेच्या दोन मीटर बाहेर होती. मला वाटलं, जमीन चुकलेली नाही, माझे दगड चुकलेत.

दुपारी जीपीएस घेऊन हवेच्या शाफ्टवर, म्हणजे खाणीत हवेसाठी खणलेल्या उभ्या विवरावर, गेलो. खाणीच्या नकाशावरून त्याची जी जागा निघत होती, ती प्रत्यक्षापासून १७ मीटर बाजूला. नवीन मोजणीला जुना नकाशा जोडताना मी इन्क्लाइनचं, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या तिरक्या बोगद्याचं, तोंड हा एकच बिंदू जुळवला होता. एका बिंदूने नकाशा जागेवर बसतो, पण त्या बिंदूभोवती तो किती फिरलाय हे कळत नाही. जुन्या नकाशाची उत्तर दिशा होकायंत्राची होती, नव्या मोजणीची नव्हे. शाफ्ट त्या तोंडापासून ४८० मीटरवर, फरक १७, म्हणजे नकाशा २ अंश फिरलेला. पॅनेलची ती कड ३२० मीटरवर. तिथे तोच फरक ११ मीटर, म्हणजे खरी रेषा तेवढी बाहेर आणि भेग तिच्या आतच.

पुढच्या रविवारी शाफ्टमधून तारा सोडल्या, लोलक तेलाच्या बादलीत बुडवले म्हणजे झुलणं थांबतं, आणि खालची मोजणी वरच्या मोजणीशी पक्की बांधली. दोन अंशच निघाले. दुसरा बिंदू पहिल्याच दिवशी घ्यायला हवा होता. त्या धुऱ्यावरून काकांची बैलजोडी रोज जात होती.

दगड हलवताना टेपचं दुसरं टोक काकांनीच धरलं. नवी रेषा त्यांच्या कडुनिंबाच्या पलीकडे गेली. ते झाडाकडे बघत म्हणाले, "इथं बसून भाकर खाता येईन ना जी?"

"आता नाही काका," मी म्हणालो. त्यांनी फांदीला टांगलेलं शिदोरीचं फडकं सोडलं आणि दगडाच्या बाहेर येऊन बसले.