दोई इंथनॉनचा शिंजीर: हाताच्या अंतरावर, तरी फोटो हुकतो

दोई इंथनॉन हे थायलंडचं सर्वांत उंच शिखर, २५६५ मीटर. डांबरी रस्ता थेट माथ्याला जातो, त्यामुळे दम लागायचा तो थंडीनेच. चिआंग माईहून अंतर साधारण १०० किलोमीटर. आम्ही पहाटे साडेचारला गाडी काढली ती याच हिशेबाने, की उजाडता उजाडता वर असावं. नऊनंतर माथ्यावरच्या पाटीपाशी सेल्फीवाल्यांची जत्रा भरते. शनिवार-रविवार तर टाळाच.

गाडीतळासमोरच आंग-काची पायवाट खाली उतरते. डोंगराचं जुनं नावही आंग-काच, म्हणजे कावळ्यांचं तळं. जेमतेम ३६० मीटरचा लाकडी फळ्यांचा फेरा. खाली दलदल, स्फॅग्नम शेवाळ, खोडाखोडावर दाढीसारखी लोंबणारी हिरवळ. हिरव्या शेपटीच्या शिंजिराची (सनबर्ड, फुलांतला मध पिणारा चिमुकला पक्षी) एक उपजात, ‘अंगकानेन्सिस’, जगात फक्त या माथ्यावर आहे. बाकी उपजाती पार नेपाळ-सिक्कीमपर्यंत पसरलेल्या. आपल्या सह्याद्रीतला विगॉर्स शिंजीर याच एथोपायगा वंशातला.

डिसेंबर ते फेब्रुवारीत लाल ऱ्होडोडेंड्रॉन फुलतो, तेव्हा शोधाशोध लागत नाही. फुललेलं झाड निवडा आणि वीस मिनिटं गप्प उभे राहा. नर फुलाशेजारच्या देठावर बसतो, मान वाकवून चोच आत घालतो. कपाळ आणि गळा झळाळता गडद हिरवा, छाती पिवळी, तिच्यावर शेंदरी-लाल डाग. हा डाग इथल्या नरात नेपाळच्यापेक्षा बराच मोठा. उजेड तिरका पडला नाही तर डोकं नुसतं काळं दिसतं.

हिवाळ्यात श्रीमती गूल्ड शिंजीरही येतो आणि इथेच गफलत होते. पाठ बघा: गूल्डच्या नराची लालभडक, याची मळकट हिरवी. छातीवर जाऊ नका, लाल दोघांनाही असतो.

आता फोटो. पक्षी इतका जवळ येतो की ६०० मिमीची लेन्स फोकसच करत नाही. आम्हाला दोनदा मागे सरकावं लागलं. १००-४०० मिमीची पुरते. झाडीत अंधार, म्हणून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ३२०० ठेवा आणि शटर १/५०० सेकंदापेक्षा मंद नको. ट्रायपॉड आणू नका: कुणी चाललं की फळ्या थरथरतात आणि चित्र हलतं. शिवाय वाट अडते, ते वेगळंच. धुकं असेल तर फळ्या निसरड्या. रबरी तळव्याचे बूट हवेत.

माथा शहरापेक्षा बारा-चौदा अंशांनी गार असतो, कधी गवतावर हिमकणही दिसतात. गारठलेला कॅमेरा तसाच उबदार गाडीत नेला की काच आतून-बाहेरून घामेजते. आधी बॅगेत बंद करा, मग आत न्या, आणि अर्धा तास चेन उघडू नका. जादा बॅटरी आतल्या खिशात.

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावण्याची इथे काहीच गरज नाही. नर चवताळून फुलं सोडतो आणि मागच्या माणसाचा पक्षी जातो. बाहेर येताना कठड्याखालच्या शेवाळाकडे नजर ठेवा. तिथे बिनशेपटीचा, नऊ सेंटिमीटरचा बुटका कपविंग पक्षी उंदरासारखा सरपटत जातो.