मायनरला लोकप्रशासन, घरी झेडपीचे बाबा

नाशिकच्या कॉलेज रोडवर कुणालाही सांगा की मायनर (मुख्य विषयासोबतचा दुय्यम विषय) लोकप्रशासन आहे, पुढचा प्रश्न ठरलेला: "यूपीएससी की एमपीएससी?" आमच्याकडे गल्लोगल्ली अभ्यासिका, त्यामुळे लोकांचाही दोष नाही. माझं मेजर अर्थशास्त्र आहे आणि मला निदान आत्ता तरी कलेक्टर व्हायचं नाही. तरी विषय घेतला. हल्ली ज्युनिअर मुलं-मुली विचारत असतात, "ताई, स्कोरिंग आहे का?" आहे. पण तेवढ्यासाठी घेणार असाल तर पहिल्या सेमिस्टरलाच कंटाळाल.

कारण सुरुवात कोरडी आहे. १८८७ सालचा वुड्रो विल्सनचा प्रशासनाच्या अभ्यासावरचा निबंध, फेयॉलची व्यवस्थापनाची चौदा तत्त्वं, मग गुलिकचं पोस्डकॉर्ब: नियोजन, संघटन, कर्मचारी, निर्देशन, समन्वय, अहवाल, अंदाजपत्रक. सात इंग्रजी शब्दांची सुरुवातीची अक्षरं जुळवून केलेला शब्द, पाठ केला की झालं. त्यानंतर मॅक्स वेबर आणि त्याची नोकरशाही: पदसोपान (म्हणजे पदांची वरपासून खालपर्यंतची उतरंड), लेखी नियम, प्रत्येक गोष्टीची कागदावर नोंद, माणूस बदलला तरी खुर्ची तीच. वर्गात अर्धी मुलं मोबाईलमध्ये असतात तो हा तास.

मला तो कळला घरी. बाबा जिल्हा परिषदेत वरिष्ठ सहाय्यक आहेत. मी जेवताना वेबर वाचून दाखवला तर म्हणाले, "बरोबर लिहिलंय त्याने. पण ऑडिट कधी पाहिलं नसणार." मग ताट बाजूला सारून जुन्या कॅलेंडरच्या मागे मला एक टिपणी (निर्णयासाठी साहेबांपुढे ठेवायचं टिपण) लिहून दाखवली. वर विषय, त्याखाली संदर्भ, मग क्रमांक घातलेले परिच्छेद: मागणी काय आहे, नियम काय म्हणतो, आधी अशा प्रकरणात काय केलं होतं, तरतूद शिल्लक आहे का. शेवटी "मान्य असल्यास आदेशाचा मसुदा स्वाक्षरीस्तव सादर". आणि सह्यांच्या जागा: कनिष्ठ सहाय्यक, वरिष्ठ सहाय्यक, कनिष्ठ प्रशासन अधिकारी, पुढे डेप्युटी सीईओ (उपमुख्य कार्यकारी अधिकारी). पुस्तकातलं पदसोपान ते हेच. फरक इतकाच की पुस्तकात अधिकार वरून खाली येतात आणि बाबांच्या कागदावर मजकूर खालून वर जातो. साहेब सही करतात, पण पर्याय कोणते आहेत ते लिहिणारा खाली बसलेला असतो. परीक्षेत हे लिहिलं तर मार्क मिळतील की नाही, देव जाणे.

"आणि साहेबांना सही करायची नसेल, पण सरळ नकारही द्यायचा नसेल तर?" मी विचारलं.

"मग 'चर्चा करावी' असा शेरा येतो. फाईल खाली आली की समजायचं."

त्यानंतर बाबांनी ऑफिसातले कागद लावायची सहा गठ्ठे पद्धत समजावायला घेतली. प्रलंबित प्रकरणं एका गठ्ठ्यात, दुसऱ्या कार्यालयाच्या उत्तराची वाट पाहणारी दुसऱ्यात, नियतकालिकं (ठरावीक मुदतीने पाठवायचे अहवाल) वेगळी, स्थायी आदेश वेगळे, रेकॉर्ड रूमला धाडायची वेगळी, नष्ट करायची वेगळी. आई म्हणाली, भात गार होतोय. बाबा तिसऱ्या गठ्ठ्यावर होते.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी महाराष्ट्र प्रशासनाचा पेपर आला आणि तिथे मला हा विषय खरा आवडला. आपली जिल्हा परिषद अशी का आहे, याला चक्क गोष्ट आहे. १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने सांगितलं होतं की खरी ताकद तालुक्याच्या पातळीवर, पंचायत समितीकडे द्या. महाराष्ट्राने वसंतराव नाईक समिती नेमली आणि तिने उलट मत दिलं: बळकट जिल्हा परिषदच हवी. कलेक्टरला तिच्या बाहेर ठेवा, आमदार-खासदारांनाही सदस्य करू नका. १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. बाबांना एवढी वर्षं कलेक्टर ऑफिसची माणसं आणि झेडपीची माणसं यांच्यातली ठसन माहीत होती; ती एका समितीच्या शिफारशीतून आलीय हे त्यांना मी सांगितलं. तेवढ्यापुरती मी घरात हुशार ठरले.

शहराची गोष्ट त्याहून ताजी. नाशिक महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या काळात प्रशासक, म्हणजे सरकारने कारभार सोपवलेला अधिकारी. हे नाशिकपुरतं नव्हतं, राज्यभर बऱ्याच महापालिकांत असंच होतं. म्हणजे मी अकरावीला जाण्याआधीपासून शहराला महापौर नव्हता, आणि खरं सांगते, आमच्या वर्गात कुणालाच ते जाणवलं नव्हतं. कचऱ्याची घंटागाडी येत होती, नळाला पाणी येत होतं. मग बिघडलं काय?

बिघडलं ते अंदाजपत्रकाच्या तासाला दिसलं. एरवी आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीला सादर करतात, समिती त्यात फेरफार करते, मग ते महासभेपुढे, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेपुढे जातं. प्रशासकाच्या काळात स्थायी समितीचे आणि महासभेचे अधिकारही त्याच खुर्चीकडे. मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच. विल्सनने राजकारण आणि प्रशासन वेगळं ठेवा म्हटलं होतं. इथे राजकारणाचा कप्पाच रिकामा होता. काम कदाचित भरभर होत असेल, नगरसेवकांच्या नावाने आपण बोटं मोडतो तेही खरं. पण "आमच्या प्रभागात हे का नाही?" असं सभागृहात उभं राहून विचारणारं कुणी नव्हतं. शहरी स्थानिक संस्थांसाठीच्या ७४ व्या घटनादुरुस्तीत पाच वर्षांच्या मुदतीचा आग्रह का आहे, हे मला तिथे पटलं. ७३ वी (पंचायतींची) आणि ७४ वी दुरुस्ती म्हणजे १९९३ पासून लागू, इतकंच तोवर पाठ होतं.

आता सगळ्यांच्या तोंडी २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा. समन्वय हे प्रकरण शिकायला याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही. स्नानाची दोन ठिकाणं: रामकुंड महापालिकेच्या हद्दीत, कुशावर्त त्र्यंबकेश्वर नगरपरिषदेच्या. शहरात पोलीस आयुक्त, त्र्यंबकला ग्रामीणचे एसपी. गंगापूर धरणाचं पाणी जलसंपदा विभागाचं, स्टेशन रेल्वेचं. भाविक मात्र एकच, आणि त्याला हद्दीशी काही देणंघेणं नाही. म्हणून २०२५ मध्ये विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली वेगळं कुंभमेळा प्राधिकरण केलं गेलं. आदेशाची एकता, म्हणजे हुकूम एकाच ठिकाणाहून यावा, म्हणून ते मला योग्य वाटतं. पण लगेच पुढचा प्रश्न येतो: निवडून आलेली महापालिका आता परत आली आहे, तर साधुग्रामपासून (साधूंच्या मुक्कामाच्या वसाहतीपासून) रस्त्यांपर्यंतच्या निर्णयांत तिचा शब्द किती चालणार? साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून २०२५ च्या अखेरीस जो गदारोळ झाला, त्यात लोक जाब नेमका कोणाला विचारत होते, हे बातम्या पुन्हा काढून वाचा. कधी महापालिकेला, कधी मंत्र्यांना, कधी साधूंनाच. ट्युटोरियलला मी हाच विषय घेतलाय.

तर ज्युनिअर मंडळींनो, व्यवहाराचं सांगते. क्लासवाले म्हणतात मायनर घेतलं की स्पर्धा परीक्षेचा वैकल्पिक विषय निम्मा झाला. तसं काही नाही, पाया होतो, बाकी सगळं नव्याने करावं लागतं. अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्र मेजर असेल तर जोडी जमते. कॉमर्सवाल्यांना अंदाजपत्रक आणि लेखापरीक्षणाचा भाग सोपा जाईल. नोट्स झेरॉक्सच्या दुकानात मिळतात, त्यावर पास व्हाल. पण माहिती अधिकाराचा एक अर्ज स्वतः लिहा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी फुकट जात नाही, माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) खाली त्यांनी तो योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. प्रश्न मात्र "का केलं" असा विचारू नका, "त्या निर्णयाच्या टिपणीची प्रत द्या" असा विचारा. हे बाबांनी सांगितलेलं, आमच्या पुस्तकात नाही.