अर्धा फूट कमी

एका दिवसात चार थीम पार्क ही कल्पना माझी नाही. कुठल्याच शहाण्या माणसाची नसेल. ती माझ्या अकरा वर्षांच्या भाचीची. तिने वहीच्या मधल्या पानावर सकाळी सातपासून रात्री दहापर्यंतचं वेळापत्रक आखलं होतं आणि समासात ‘मामा – पाणी, छत्र्या, गप्प बसणे’ अशी माझी खातीही वाटून टाकली होती. ताई आणि दाजींनी ते पान वाचलं, हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाकडे एकदा बघितलं आणि ‘तुम्ही दोघं जाऊन या’ म्हणाले.

‘गप्प बसणे’ या खात्याचा खुलासा करायला हवा. कुठेही जायचं असलं की आदल्या रात्री त्या जागेबद्दल वाचून काढायची मला खोड आहे. वाचलेलं पोटात राहत नाही, ही दुसरी खोड. आणि फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डबद्दल वाचण्यासारखं इतकं आहे की त्या रात्री मला झोप जेमतेम चार तास मिळाली. एकाच आवारात चार पार्क. मॅजिक किंगडम १९७१ सालचं, एपकॉट १९८२ चं, हॉलिवूड स्टुडिओज १९८९ चं आणि अ‍ॅनिमल किंगडम १९९८ चं. ‘पार्क हॉपर’ नावाचं तिकीट काढलं की एकातून दुसऱ्यात उड्या मारायला मोकळे. उड्या मारणं हे नाव ज्याने कुणी दिलं त्याने संध्याकाळी सातनंतरचे माझे पाय पाहिलेले नाहीत.

सकाळी अ‍ॅनिमल किंगडममध्ये शिरलो ते थेट एव्हरेस्टकडे. ‘एक्स्पिडिशन एव्हरेस्ट’ हा रोलर कोस्टर. त्याची रांगसुद्धा एका हिमालयीन गावातून जाते. पताका, देवळं, यती म्हणजे हिममानवाच्या कथांचं लहानसं संग्रहालय. रांगेत तासभर गेला तरी आपण कुठेतरी पोचतोय असं वाटत राहतं, ही त्या मांडणीची खुबी. मी तिला सांगितलं, हा डोंगर १९९.५ फूट उंच आहे. अमेरिकेत २०० फुटांचं बांधकाम झालं की विमानांसाठी वर लाल दिवा लावायचा प्रश्न येतो. एव्हरेस्टच्या टोकावर लाल दिवा कसा दिसेल? म्हणून अर्धा फूट कमी.

“म्हणजे खरा एव्हरेस्ट किती?”

“८,८४८.८६ मीटर. आणि हा समोरचा मोठा डोंगर एव्हरेस्ट नाहीच. त्याच्या मागे ते लहान, पांढरं टोक दिसतंय ना, तो एव्हरेस्ट. लांब असल्यासारखा वाटावा म्हणून लहान केलाय.”

“मामा, समासात काय लिहिलंय?”

गप्प बसलो. पण डोक्यातलं वाचन गप्प बसेना. गाडी वर चढते, पुढे रूळ उखडलेले दिसतात, गाडी थांबते. आपण थांबलेले असतो तेवढ्यात मागचा रूळ पलटतो आणि गाडी अंधारात उलटी धावत सुटते, वेगळ्याच मार्गाने. हे सगळं मला पाठ होतं. गाडी उलटी सुटली तेव्हा पोटात जो गोळा आला त्याला यातलं काहीही पाठ नव्हतं.

तिथून बसने हॉलिवूड स्टुडिओज. बसमध्ये दोघंही काही बोललो नाही. त्या वीसेक मिनिटांत आजूबाजूला सगळे बूट काढून बसले होते, आणि मला त्या बसइतकी सुखाची जागा दिवसभरात दुसरी सापडली नाही.

तिथला ‘टॉवर ऑफ टेरर’ हे एक पडकं हॉटेल. म्हणजे पडकं दिसावं असं नीट बांधलेलं, १९९४ साली. उंची १९९ फूट. (इथेही दिवा चुकवलाय. मी हे फक्त मनात म्हणालो.) त्याची लिफ्ट वरून पडते. नुसती पडत नाही, तारेने खाली ओढली जाते, त्यामुळे सोडून दिलेल्या दगडापेक्षाही वेगाने खाली येते. हे मात्र तोंडातून निघून गेलं. भाचीने कानांवर हात ठेवले. पुढच्या काही क्षणांत मी जे ओरडलो ते त्या तारेला उद्देशून नव्हतं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “तुला तर सगळं माहीत होतं ना?” मी पाण्याची बाटली काढली. ते माझंच खातं होतं.

हॉलिवूड स्टुडिओजहून एपकॉटला केबल कारने जाता येतं. मध्ये एकदा डबा बदलायचा. एपकॉटमध्ये आपण मागच्या दाराने शिरतो, ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या मधून. एका तळ्याभोवती अकरा देश मांडलेत. भारत त्यात नाही. जपान ते कॅनडा चालत जाता येतं आणि व्हिसा लागत नाही, एवढ्यावर मी समाधान मानलं. तळ्याला वळसा घालून पलीकडे मेक्सिकोच्या बाजूला आलो तेव्हा ती एकदम थांबली.

“मामा, ते बघ! मोरोक्कोच्या मागे केवढा मोठा महाल आहे. आपण बघितलाच नाही!”

पाण्यापलीकडे मोरोक्कोचा मनोरा, कमानी, आणि त्यांच्यामागे त्याच मातकट रंगाचे, त्याच घाटाचे मोठे शिखरवाले बुरूज. मी लगेच ओळखलं. आदल्या रात्री वाचलेल्यात हेच तर मला सगळ्यात आवडलं होतं. टॉवर ऑफ टेरर इथून दिसणार हे बांधणाऱ्यांना माहीत होतं, म्हणून शेजारच्या पार्कातल्या त्या हॉटेलचा रंग आणि माथा मोरोक्कोशी जुळवून घेतला. एका इमारतीने दोन पार्कांत दोन वेगळी सोंगं घ्यायची. एकाच दिवसात दोन्हीकडे गेलेल्यालाच ही गंमत कळणार, आणि ती मी गिळणार?

“अगं, तो महाल नाही. दुपारी त्यातूनच तर खाली पडलो आपण.”

तिने नीट बघितलं. मग बराच वेळ बघितलं.

“म्हणजे तो मोरोक्कोचा नाही?”

“नाही.”

“तू सांगितलं नसतंस तर होता.”

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

पुढे निघालो तोच फ्लोरिडातला तो दुपारचा पाऊस आला. नळ सोडावा तसा. छत्र्या हॉटेलात राहिल्या होत्या, म्हणजे दुसरं खातंही बुडालं. धावत धावत एपकॉटच्या त्या प्रचंड चंदेरी गोळ्याखाली, ‘स्पेसशिप अर्थ’खाली जाऊन उभे राहिलो. १८० फूट उंच, पायांवर उभा गोळा. शेकडो माणसं त्याच्या पोटाखाली ओली होऊन उभी. थोड्या वेळाने भाची वर बघायला लागली. गोळ्याच्या कडेवरून पाणी गळत नव्हतं. एवढा पाऊस त्यावर पडतोय आणि पागोळ्या कशा नाहीत? ती कडेपर्यंत गेली, हात पुढे केला, परत आली. मला माहीत होतं. पत्र्याच्या त्रिकोणांमध्ये फटी ठेवल्यात, पाणी त्यांतून आत जातं आणि खालून तळ्यात सोडलं जातं. मी ओल्या बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

पाऊस थांबल्यावर मोनोरेल, मग बोट. बोट ज्या तळ्यातून जाते ते खोदलेलं, आणि त्या खोदकामाची माती मॅजिक किंगडमखाली पसरलेली. त्यामुळे तिथली बोगद्यांची जाळी जमिनीच्या पातळीवरच आहे आणि आपण चालतो ते खरं तर पहिल्या मजल्यावर. कामाची माणसं, कपडे, कचरा, सगळं आपल्या पायांखालून ये-जा करत असतं. हे मी पोटात ठेवलं. ठेवताना त्रास झाला, खोटं कशाला बोलू.

अंधार पडत होता. मॅजिक किंगडममधला १८९ फुटांचा किल्ला निळसर उजळला होता. भाची अगदी पुढे जाऊन उभी राहिली, मान मागे टाकून. चार पार्क झाले होते, वहीतलं पान घामाने आणि पावसाने चिकटलं होतं. तिने एक डोळा मिटला, अंगठा समोर धरला, मग दुसरा डोळा मिटला.

“मामा, वरच्या खिडक्या खालच्यापेक्षा लहान केल्यात का रे? उंच वाटावा म्हणून?”

“कुठे?” मी म्हणालो. “लांब आहेत म्हणून दिसत असतील.”

तिने माझ्याकडे संशयाने बघितलं, वही काढली आणि समासात काहीतरी लिहिलं. मला दाखवलं नाही.