थंडी नव्हे, सकाळ-दुपारमधला फरक

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनला, मी राहते तिथे, थंडी पडते म्हटलं तर गोव्यात आमच्या साखळी गावात कुणाला पटत नाही. बर्फ नाही, जाडजूड कोट नाहीत. जुलैत, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, दुपारी पारा २२ अंशांच्या आसपास, पहाटे १०-११. आकाश निरभ्र, हवा कोरडी. दुपारी मुलं अर्ध्या बाह्यांत खेळतात आणि रात्री त्यांची छाती घरघरायला लागते.

याच शहरातल्या मुलांच्या दम्यावर २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २००३ ते २००९ मधल्या नोंदी तपासल्या होत्या. दिवसाचं कमाल आणि किमान तापमान यांतला फरक १० अंशांच्या वर गेला की त्रास वाढतो, आणि फरक ५ अंशांनी वाढला की दम्यामुळे इमर्जन्सीत येणारी मुलं ३१ टक्क्यांनी वाढतात, असं त्यात दिसलं. हा परिणाम त्याच दिवशी संपत नाही, पुढचे आठ-नऊ दिवस राहतो. सर्वांत जास्त झळ ५ ते ९ वर्षांच्या मुलांना.

कारण समजण्यासारखं आहे. नाकाला प्रत्येक श्वास गरम आणि ओलसर करूनच आत सोडावा लागतो. पहाटेची गार, कोरडी हवा श्वासनलिकेचं अस्तर सुकवते. ज्यांच्या नळ्या आधीच सुजलेल्या असतात त्यांच्या त्या आवळतात. कफ वर ढकलणारे बारीक केसही गारठ्यात मंदावतात. शरीर त्या हवेला सरावतं न सरावतं तोच दुपार होते.

आता आपल्या गोव्याचं बघा. पणजीत जुलैत साधारण २४ ते २९ अंश, म्हणजे फरक जेमतेम ५. ढगांचं पांघरूण रात्रीची उष्णता निसटू देत नाही. जानेवारीत मात्र २० ते ३२, फरक १२! समुद्रापासून दूर, सत्तरी-सांगेकडे तर पहाट आणखी गार. आपण मुलांना पावसात भिजू नको म्हणून ओरडतो (पावसाळ्यातही ओल आणि व्हायरल असतंच, ते नाकारत नाही), पण जानेवारीत त्याच मुलाला सकाळी सातला, नाक-तोंड उघडं, स्कूटरवर पुढे उभं करून शाळेला नेतो. त्यात वाटेवर कुणीतरी पालापाचोळा पेटवलेला असतो. गारठ्यात हवेचा थंड थर जमिनीलगत बसतो, धूर वर जात नाही, आणि तो मुलाच्या तोंडाच्या उंचीवरच तरंगत राहतो. हे पेटवणं निदान ऊन वर येईपर्यंत तरी थांबवायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

इथे ब्रिस्बेनमध्ये दमा असलेल्या मुलाला डॉक्टर लेखी योजना देतात आणि शाळा ती मागून घेते: रोजचा पंप (इनहेलर) कोणता, धाप लागली तर कोणता, किती वेळा, आणि केव्हा थेट हॉस्पिटल. आपल्याकडे ‘पंपाची सवय लागते’ या भीतीने बरं वाटलं की तो कपाटात जातो. सवय लागत नाही. रोजचा पंप सूज आवरतो, आणि तो बंद पडलेला असताना फरकाचे दिवस आले की मूल उघडं पडतं.

भाच्याचा पंप दिवाळीनंतर असाच बंद झाला होता. फोनवर वहिनीशी बोलले, तिने त्याच्या डॉक्टरांना गाठलं. त्यांनी तो पुन्हा सुरू केला, स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची नळी) लावून घ्यायला शिकवलं आणि होळीपर्यंत स्वतःहून सोडायचा नाही असं बजावलं. वहिनीने ते कागदावर लिहून घेतलं आणि एक प्रत वर्गशिक्षिकेकडे दिली.