ऑफिसातली आहार-प्रश्नावली: तिच्यातून काय कळतं, काय नाही

कंपन्यांत ‘वेलनेस सर्व्हे’ची लिंक आली की त्यात खाण्यापिण्याचे प्रश्न बहुधा असतातच. माणूस दिवसाला नेमक्या किती कॅलरी खातो, हे त्यातून कळत नाही, मग अहवालात कितीही रंगीत आलेख असोत. फळं कोण जास्त खातं, कोण कमी आणि वर्षभराने एकूण गटात फरक पडला का, एवढं मात्र बऱ्यापैकी कळतं. कॅन्टीनचा मेन्यू बदलायला तेवढं पुरतं.

संशोधनातल्या वारंवारता-प्रश्नावलीत (कोणता पदार्थ किती वेळा खाता, हे विचारणारी यादी) साधारण 80 ते 150 पदार्थ असतात. कामाच्या वेळेत एवढं नीट कोण भरणार? थोड्या वेळाने लोक एकाच रकान्यात खाली खाली टिका मारत जातात. त्यामुळे कंपनी ज्यात काही बदल करू शकते असे 15-20 पदार्थच ठेवावेत: फळं, भाज्या, डाळी, गोड पेयं, तळलेलं, मशीनमधलं खाणं.

उत्तरांचे आकडे करताना पर्यायाचा मध्य धरतात. ‘महिन्यातून 1 ते 3 वेळा’ म्हणजे दिवसाला 0.07, ‘आठवड्यातून एकदा’ 0.14, ‘2 ते 4 वेळा’ 0.43, ‘5 ते 6 वेळा’ 0.79. पर्याय एकमेकांवर चढले (‘2 ते 4’ आणि लगेच ‘4 ते 6’) की चार वेळा खाणाऱ्याने कुठे टिक करायची?

सगळ्यात फसवी गोष्ट भाज्यांची. 20 भाज्यांची यादी दिली आणि प्रत्येकीपुढे ‘आठवड्यातून एकदा’ आलं, तर बेरीज दिवसाला 2.86 वेळा होते. खोटं कोणी बोललेलं नसतं, यादीच आकडा फुगवते. म्हणून शेवटी एक ताळ्याचा प्रश्न हवा: ‘एकूण भाजी दिवसातून किती वेळा खाता?’ उत्तर 1.5 आलं तर प्रत्येक भाजीच्या आकड्याला 1.5 भागिले 2.86, म्हणजे सुमारे 0.52 ने गुणायचं.

‘काल काय खाल्लं?’ हा प्रश्न साधा वाटतो, पण रात्रपाळीत तो कोसळतो. रात्री 10 ते सकाळी 6 ची पाळी असेल तर मध्यरात्र ते मध्यरात्र मोजताना एका पाळीचं शेपूट आणि दुसऱ्या पाळीचं डोकं एकत्र येतं, दोन्ही जेवणं अर्धवट. त्याऐवजी ‘उठल्यापासून पुढच्या झोपेपर्यंत’ असं विचारावं. सुट्टीचा दिवस कामाच्या दिवसात मिसळू नये. दोन्हींचं खाणं वेगळं असतं.

प्रमाणाबाबत लोकांचा अंदाज मधल्या आकड्याकडे झुकतो: जास्त खाल्लेलं कमी सांगितलं जातं, थोडं खाल्लेलं जास्त. फोटो दाखवले तर थोडं सुधारतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीत फळ-भाजीचा एक भाग 80 ग्रॅमचा आणि दिवसाचं किमान लक्ष्य 400 ग्रॅम, म्हणजे पाच भाग. ‘एक वाटी’ लिहून सोडलं तर प्रत्येकाची वाटी वेगळी.

एकाच मजल्यावर आठ देशांची माणसं असतील तर नुसतं भाषांतर पुरत नाही. यादीत ज्याचं जेवणच नाही, तो ‘कधीच नाही’वर टिक करत जातो आणि कागदावर उपाशी दिसतो. लांब प्रश्नावलीत स्त्रियांसाठी दिवसाला 500 ते 3500 आणि पुरुषांसाठी 800 ते 4000 किलोकॅलरीच्या बाहेरची उत्तरं वगळण्याची पद्धत आहे. अशी माणसं तिथेच गळतात, आणि दोष खरं तर यादीचा असतो. आधी त्याच गटातल्या काही जणांना मोठ्याने विचार करत प्रश्नावली भरायला सांगावं. अडखळ कुठे आहे ते लगेच दिसतं.

आता नाव गुप्त ठेवण्याबद्दल. ‘कोणतं मांस खात नाही?’ हा प्रश्न निरुपद्रवी दिसला तरी उत्तरातून धर्म कळू शकतो. युरोपात 2018 पासून लागू असलेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात आरोग्य आणि धर्म या दोन्ही माहितीला खास संरक्षण आहे, आणि साहेबाने मागितलेली संमती मोकळी मानायला नियामक सहसा तयार नसतात. सहा जणांच्या विभागात नाव काढूनही वय आणि पाळीवरून माणूस ओळखता येतो. 10 पेक्षा लहान गटाचे आकडे दाखवूच नयेत. कच्ची उत्तरं एचआरकडे न जाता बाहेरच्या संस्थेकडे राहिलेली बरी.

दुसरी फेरी त्याच ऋतूत, त्याच शब्दांत घ्यावी आणि जुनी-नवी उत्तरं जोडायला प्रत्येकाने स्वतः बनवलेला कोड वापरावा. पहिल्या फेरीत 200 आणि दुसऱ्या फेरीत 90 जणांनी भरलं असेल, तर तुलना दोन्ही वेळा भरणाऱ्यांचीच करावी. मध्येच गळणारे बहुतेकदा खाण्याकडे कमी लक्ष देणारे असतात. त्यांच्या जाण्यानेच सरासरी आपोआप सुधारलेली दिसते.