खांदेरीचा दिवा आणि जिंतूरचा माणूस

आमच्या परभणी जिल्ह्यात पाणी म्हणजे गोदावरी, पूर्णा, दुधना. तेही उन्हाळ्यात तळाला जातं. तरी काकांनी सेलूच्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला, फळ्यावर खडूनं दीपगृह काढून समजावलं. निवृत्तीनंतर त्यांची एकच इच्छा होती, दीपगृहात वर चढून प्रत्यक्ष दिव्याजवळ उभं राहायचं. म्हणून अलिबागजवळचं खांदेरी बेट ठरवलं, तिथं किल्लाही आहे आणि दीपगृहही.

देवगिरी एक्सप्रेसमधली रात्र, मुंबई, मांडव्याची बोट, अलिबागचा मुक्काम, सगळं नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी थळच्या किनाऱ्यावरून कोळ्यांची होडी ठरवून निघालो. होडी हलायला लागली तसा काकांनी माझा दंड घट्ट धरला, पण नजर बेटावरून हलवली नाही.

या बेटासाठी किती भांडणं झाली! मुंबई बंदराच्या तोंडाशी असल्यामुळे ज्याच्या हाती खांदेरी, त्याची नजर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक जहाजावर. शिवाजी महाराजांनी १६७२ मध्ये इथं किल्ला बांधायचा घाट घातला होता, पण इंग्रज आणि सिद्दी दोघांनी मोडता घातला. १६७९ च्या पावसाळ्यात, समुद्र खवळलेला असताना, महाराजांच्या आरमारातले मायनाक भंडारी माणसं घेऊन बेटावर उतरले आणि तटाचं काम सुरू केलं. इंग्रजांनी मोठी गलबतं आणून वेढा दिला. मराठ्यांच्या लहान होड्या रात्री-अपरात्री त्यांच्यामधून निसटून बेटावर रसद पोचवत राहिल्या. किल्ला झालाच. पुढं कान्होजी आंग्र्यांच्या काळात, १७१८ मध्ये, इंग्रजांनी पुन्हा हल्ला केला आणि पुन्हा हात हलवत परत गेले. २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं, त्यात खांदेरी आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

अखेर बेट इंग्रजांकडे गेलं आणि १८६७ मध्ये त्यांनी इथं दीपगृह उभारलं. दोनच वर्षांनी सुएझ कालवा उघडला आणि मुंबईकडे येणारी जहाजं वाढली. ज्या खडकाची मुंबईच्या इंग्रजांना धास्ती होती, तोच त्यांच्या जहाजांना वाट दाखवू लागला.

दीपगृहाचा मनोरा अष्टकोनी आहे. परवानगी आधीच काढली होती. काका जिन्याच्या प्रत्येक वळणावर दम खात होते. वर दिव्याची देखभाल करणारा पस्तिशीचा माणूस उभा होता. काचेच्या खोलीला आतून सगळीकडून पडदे लावलेले. काकांनी धाप लागलेली असतानाच विचारलं, "दिवसाढवळ्या पडदे कामून वो?"

तो माणूस चमकून बघायलाच लागला. "कोण्त्या गावचे तुम्ही?"

"सेलू."

"मी जिंतूरचा की!"

पुढची दहा मिनिटं दीपगृह बाजूलाच राहिलं. तूर फुलोऱ्यात असताना धुकं पडलं का, येलदरीत पाणी किती, कोणाचा कोण लागतो, हे सगळं झालं. त्याच्या चुलत भावाला काकांनीच शिकवलं होतं हे कळल्यावर तो खाली वाकून पाया पडला आणि मग अगदी मन लावून सांगायला लागला.

"सर, हे भिंग दिव्याचा उजेड गोळा करून सरळ लांब फेकतंय. पण दिवसा उलटं होतंय. बाहेरचं ऊन आत येऊन एका जागी गोळा होतंय. पडदे उघडे ठेवले तर आतलं सगळं जळून जाईल."

सावलीकडचा एक पडदा त्यानं जरासा बाजूला केला. भिंग मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होतो. मधोमध फुगीर काच, तिच्याभोवती जाड काचेची कडी, उतरंडीसारखी वर-खाली रचलेली. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसानं दोनशे वर्षांपूर्वी ही रचना शोधली, म्हणून प्रचंड जाडीचं एकसंध भिंग न बनवता छोट्या दिव्याचा उजेड कोसच्या कोस पोचवता आला. दोन पावलं मागं सरकून मधल्या काचेत बघितलं तर समुद्र वर आणि आभाळ खाली. उलट्या समुद्रात एक मालवाहू जहाज उलटंच चाललेलं. काका वाकून, चष्मा काढून, पुन्हा घालून बघत राहिले. मुलांना मी हे कधी दाखवू शकलो नाही, असं म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता, माझाही.

आता जहाजांवर उपग्रहावरून जागा कळते, मग दिवा कशाला, असं मी विचारलं. तो म्हणाला, "यंत्र बंद पडलं तर? डोळ्यानं दिसलेलं खोटं नसतंय." प्रत्येक दीपगृहाचा उजेड लकाकायची लय वेगळी असते आणि ती नकाशात नोंदलेली असते. खलाशी लकाकी मोजतो आणि हा कुठला दिवा ते ओळखतो. पूर्वी रॉकेलचे दिवे होते, भिंग फिरवायला वजनं ओढून घड्याळासारखी चावी द्यावी लागायची, आणि त्यासाठी माणसं रात्रभर जागायची. ज्यांना आपण कधी भेटणार नाही अशांसाठी केलेलं हे काम मला फार मोठं वाटतं.

खाली मात्र मन खट्टू झालं. वेताळाच्या मंदिरात दर्शन घेऊन लोक थेट तिथल्या एका धातूसारखा आवाज देणाऱ्या दगडाकडे जातात आणि त्याला बडवत बसतात. दगडावर खळगे पडलेत. चाकाच्या गाड्यावर बसवलेल्या तोफेवर मुलं चढवून फोटो काढतात. आमच्या होडीतल्या बाकीच्यांनी मनोऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही आणि तासाभरात नाववाल्याच्या हाका सुरू झाल्या. काकांना त्या माणसाकडे चहा घ्यायचा होता, तो अर्धाच राहिला. तुम्ही जाल तेव्हा पैसे ठरवतानाच दोन-अडीच तास थांबणार असं नाववाल्याशी स्पष्ट बोलून घ्या, आणि बरोबर म्हातारं माणूस असेल तर आधी मनोरा चढा, किल्ला नंतर.